पंचविसाव्या दिवसानंतर

ऑक्टोबर १७९४. लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’मध्ये एक पत्र छापून आलं. खाली पूर्ण नाव नाही, फक्त ‘बी. एल.’ ही आद्याक्षरं. सोबत एका माणसाचं चित्र. त्याच्या कपाळावर व्रण आहे आणि नाक जागेवर आहे. पत्राचा विषय हाच, की हे नाक त्याचं जन्माचं नाही.

त्याचं नाव पत्रात ‘कोवासजी’ असं आलंय. वाचताना पारशी वाटतं. पण पत्रातच त्याला मराठा आणि शेतकरी जातीचा म्हटलंय, तेव्हा घरचं नाव ‘कावजी’ असावं असा माझा अंदाज. आपण त्याला कावजीच म्हणू. कावजी इंग्रजांच्या फौजेत बैल हाकायचा. तिसऱ्या म्हैसूर युद्धात इंग्रज, पेशवे आणि निजाम असे तिघं मिळून टिपूवर चालून गेले होते. १७९२ साली कावजी टिपूच्या हाती सापडला. त्याचं नाक आणि एक हात कापला गेला. तशा अवस्थेत तो श्रीरंगपट्टणजवळ मुंबईच्या फौजेला येऊन मिळाला. पुढे कंपनीने त्याला पेन्शन दिलं.

वर्षभराहून जास्त काळ तो बिननाकाचा राहिला. मग पुण्याजवळच्या एका माणसाने त्याला नवं नाक करून दिलं. हा माणूस वैद्य नव्हता, हकीम नव्हता. पत्रात त्याची जात ‘विटा करणारी’ अशी दिलीय. म्हणजे आपल्या भाषेत कुंभार.

हा किस्सा तुम्ही बहुतेक व्हॉट्सॲपवर वाचला असेल. ‘जगाला प्लास्टिक सर्जरी पुण्याच्या कुंभाराने शिकवली’ असा तो फिरतो, खाली तिरंगा असतो आणि तिथेच संपतो. किस्सा बऱ्याच अंशी खराही आहे. पण तो ज्या दिवशी संपतो त्या दिवसाबद्दल मला बोलायचंय. शस्त्रक्रियेची गोष्ट टाके घातले की संपते. नाकाची गोष्ट तिथून सुरू होते. ते नाक पुढची दहा, वीस, तीस वर्षं त्या चेहऱ्यावर राहणार असतं. त्या काळात त्या कातडीचं काय होतं?

हा प्रश्न आज मराठवाड्यातल्या कितीतरी घरांमध्ये जिवंत आहे. फक्त नाकाच्या जागी जबडा आणि गाल आलेत.

कुंभाराने नेमकं काय केलं

ही शस्त्रक्रिया थॉमस क्रूसो आणि जेम्स फिंडले या मुंबई इलाख्यातल्या दोन डॉक्टरांनी पाहिली होती, असं पत्र सांगतं. पद्धत सविस्तर दिलीय.

आधी मेणाचा पातळ पत्रा नाकाच्या उरलेल्या बुंध्यावर बसवून हवं तसं नाक घडवायचं. मग तो पत्रा सपाट करून कपाळावर ठेवायचा आणि भोवती रेघ मारायची. शिंपी कापडावर आखतो तसं. रेघेच्या आतली कातडी सोडवून घ्यायची. मात्र पूर्ण सुटी करायची नाही. दोन डोळ्यांच्या मधे एक अरुंद पट्टी जोडलेली ठेवायची. नाकाच्या बुंध्यावरचा जुना, वाळलेला व्रण खरवडून काढायचा, त्यामागे नाकपुड्यांच्या कडेने वरच्या ओठापर्यंत खाच घ्यायची. मग कपाळाची कातडी अर्धा पीळ देऊन खाली आणायची आणि तिची कड त्या खाचेत बसवायची.

टाके नाहीत. पाण्यात मऊ केलेला कात कापडाच्या पट्ट्यांना लावून अशा पाच-सहा पट्ट्या एकावर एक चिकटवायच्या. पानात घालतो तोच कात. चार दिवस तेवढंच. मग पट्ट्या काढून तुपात भिजवलेलं कापड. पाच-सहा दिवस रुग्णाने उताणं पडून राहायचं. दहाव्या दिवशी नाकपुड्या उघड्या राहाव्यात म्हणून त्यांत मऊ कापडाचे बोळे घालायचे. आणि साधारण २५व्या दिवशी डोळ्यांमधली ती जोडपट्टी कापून टाकायची.

ही जोडपट्टी सगळ्या प्रकाराचा जीव आहे. कातडी म्हणजे निर्जीव कापड नव्हे. तिला रक्त हवं. भुवईच्या आतल्या टोकापासून कपाळावर चढणाऱ्या बारीक धमन्या त्या पट्टीतून जातात आणि खाली वळवलेल्या कातडीला पोसतात. दरम्यान नव्या जागेच्या कडांमधून सूक्ष्म रक्तवाहिन्या हळूहळू आत शिरतात. अंदाजे तीन आठवड्यांत नव्या जागेचं रक्त पुरेसं होतं आणि जुनी नाळ तोडता येते. आजही कपाळावरून नाक करताना प्लास्टिक सर्जन ती पट्टी साधारण तीन आठवड्यांनीच तोडतात. कुंभाराला रक्ताभिसरणाचा सिद्धांत माहीत असण्याची गरज नव्हती. लवकर तोडली तर नाक काळं पडतं, हे पिढ्यान्‌पिढ्यांच्या हातांना कळलेलं असणार.

पत्राच्या शेवटाकडे एक वाक्य आहे, ज्यावर फारसं कुणी थांबत नाही. त्याचा मतलब असा: हे नाक पक्कं बसतं, जवळजवळ नैसर्गिक दिसतं आणि बराच काळ लोटल्यावर कपाळावरचा व्रणही फारसा लक्षात येत नाही. शिवाय कावजीचं मूळ चित्र जानेवारी १७९४मध्ये, म्हणजे शस्त्रक्रियेनंतर दहा महिन्यांनी, जेम्स वेल्स या चित्रकाराने काढलं होतं, अशी नोंद आहे.

‘बराच काळ लोटल्यावर’ आणि ‘दहा महिन्यांनी’. आजच्या भाषेत हा फॉलो-अप झाला. कुणीतरी परत जाऊन त्या माणसाकडे बघितलं होतं.

आधीच बघून गेलेले लोक

कावजीच्या शंभरेक वर्षं आधी निकोलाव मनुची नावाचा व्हेनिसचा माणूस हिंदुस्थानात भटकत होता. १६८६च्या सुमाराला औरंगजेबाने विजापूरला वेढा घातला, तेव्हाची हकिकत त्याने लिहून ठेवलीय. चारा आणायला बाहेर पडलेली मुघल फौजेतली माणसं विजापूरच्या लोकांना सापडली की त्यांची नाकं कापली जायची. मग इथले शल्यवैद्य भुवयांच्या वरची कातडी कापून, तिला पीळ देऊन खाली नाकावर आणायचे. मनुची सांगतो की अशी नाकं केलेली बरीच माणसं त्याने पाहिली. बिननाकाचं राहण्यापेक्षा ती कितीतरी बरी दिसायची, पण भुवयांच्या मधे कापल्याची खूण राहायची.

म्हणजे दख्खनमध्ये हे काम त्या काळी सर्रास चालू होतं. आणि नोंद करणाऱ्याचं लक्ष कुठे गेलं बघा. राहिलेल्या खुणेकडे.

त्याहून कितीतरी मागे सुश्रुतसंहितेत सूत्रस्थानाच्या १६व्या अध्यायात नाक जोडण्याची कृती आहे. तिथे कातडी कपाळाची नाही, गालाची. नाकाच्या मापाचं झाडाचं पान घ्यायचं आणि त्या मापाने गालावरून कातडी सोडवायची. श्वास चालू राहावा म्हणून नाकात दोन नळ्या ठेवायच्या. पण मला महत्त्वाचा वाटतो तो शेवटचा भाग. जखम भरून आल्यावर नाक कमी पडलं असेल तर ते वाढवण्याचा प्रयत्न करावा, मांस फाजील वाढलं असेल तर ते सारखं करून घ्यावं, असं सुश्रुत सांगतो.

जोडलेली ऊती आहे तशी राहत नाही, ती आक्रसते किंवा फुगते, आणि तिच्याकडे पुन्हा यावं लागतं, हे ज्ञान या ग्रंथात आलंय. पहिली शस्त्रक्रिया करणाऱ्याचं काम पहिल्या शस्त्रक्रियेने संपत नाही, असाच त्याचा अर्थ.

युरोपात पोचलेली नाकं आक्रसली

‘जंटलमन्स मॅगझिन’मधलं पत्र वाचून जोसेफ कार्प्यू या लंडनच्या सर्जनने ते डोक्यात ठेवलं. वीस वर्षांनी, २३ ऑक्टोबर १८१४ला, त्याने एका लष्करी अधिकाऱ्यावर ही ‘हिंदुस्थानी पद्धत’ वापरली. भूल तेव्हा नव्हती. ती १८४६नंतर आली. १८१६मध्ये कार्प्यूने दोन यशस्वी शस्त्रक्रियांचं पुस्तक काढलं, १८१८मध्ये बर्लिनच्या ग्रेफेने स्वतःचं पुस्तक लिहिलं आणि युरोपभर कपाळावरून नाकं होऊ लागली.

आणि मग एक अडचण सगळीकडे दिसू लागली. नवं नाक पहिल्या महिन्यात छान दिसायचं. पुढे महिन्यामहिन्यांनी ते आत ओढलं जायचं, नाकपुड्या बारीक व्हायच्या, शेंडा बसायचा.

कारण साधं आहे. कपाळाची कातडी खाली वळवली की तिची बाहेरची बाजू नाकाची बाहेरची बाजू होते. पण आतली बाजू? ती उघडी, कच्ची जखम. शरीर कुठलीही उघडी जखम दोन मार्गांनी बंद करतं. कडांवरून नवी त्वचा सरकते, आणि जखमेचा तळच आकसतो. या आकसण्यामागे मायोफायब्रोब्लास्ट नावाच्या पेशी असतात. त्या थोड्या स्नायूसारख्या वागतात आणि आजूबाजूची ऊती मुठीत धरून ओढतात. त्यांची ओळख १९७१ साली पटली. गुडघ्यावरच्या खरचटण्यासाठी हे ओढणं चांगलंच. पण आतून कच्च्या राहिलेल्या नाकासाठी ते घातक.

म्हणूनच पुण्याचा कुंभार दहाव्या दिवशी बोळे घालत होता आणि सुश्रुत नळ्या ठेवत होता.

यावरचा पक्का उपाय पुन्हा आपल्याच भागाजवळून आला. इंदूरला, होळकरांच्या राजधानीत, डेनिस कीगन हा इंग्रज रेसिडेन्सीचा सर्जन होता. त्या काळी संशयावरून बायकोचं नाक कापण्याचे प्रकार घडत, आणि अशा बायका दवाखान्यात येत. कीगनने नाकाच्या उरलेल्या भागाची कातडी बिजागरीवरच्या झडपेसारखी आत वळवली आणि तिच्यावर कपाळाची कातडी घातली. आता नाकाला बाहेरूनही त्वचा, आतूनही त्वचा. कच्चा भाग उरला नाही, त्यामुळे आकसणं खूप कमी झालं. त्याचं पुस्तक १९०० साली आलं. त्याआधी १८८९मध्ये जुनागढचे डॉक्टर त्रिभुवनदास मोतीचंद शहा यांनी नाकाच्या १०० शस्त्रक्रियांची माहिती छापली होती.

नाक ही आपल्याकडे नुसती श्वासाची वाट नाही. नाक कापलं म्हणजे अब्रू गेली. नाक वर करून चालायचं, नाक मुठीत धरून शरण जायचं, आणि नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं. त्या बायकांनी चेहऱ्यावर कोरलेली शिक्षा अंगावर घेऊन दवाखान्याची पायरी चढली. नवं नाक चार महिन्यांत पुन्हा आत गेलं असतं, तर गावाने तीच शिक्षा दुसऱ्यांदा वाचली असती. आतल्या अस्तराचा प्रश्न त्यांच्यासाठी तांत्रिक नव्हता.

अस्तराचं महत्त्व पुण्यात पुन्हा एकदा दिसलं. कुष्ठरोगात बाहेरची कातडी शाबूत राहूनही नाक बसतं, कारण आतलं अस्तर आणि आधार नष्ट होतो. इंग्लंडमध्ये हॅरल्ड गिलीज यांनी यासाठी वेगळी युक्ती काढली होती. आक्रसलेलं नाक आतून मोकळं करायचं आणि साच्यावर पातळ कातडी गुंडाळून ती आत बसवायची. गिलीज यांच्या हाताखाली शिकून आलेले डॉ. नोशिर अँटिया यांनी कोंढव्याच्या कुष्ठरोग रुग्णालयात रुग्णांचे चेहरे दुरुस्त करण्याचं काम केलं. या पद्धतीत एक अट असते. आतला आधार रुग्णाने पुढेही वापरत राहायचा. काढून ठेवला की कातडी पुन्हा ओढायला लागते. शस्त्रक्रिया एका दिवसाची, पण करार आयुष्यभराचा.

कातडी माहेर विसरत नाही

आता थोडं आत शिरू. एका जागेची ऊती दुसऱ्या जागी नेली, तिला डॉक्टर ‘फ्लॅप’ म्हणतात. तर फ्लॅपचं पुढे काय होतं?

पहिली गोष्ट, व्रण. सुरुवातीला तो लाल, टणक, उंच असतो. शरीर घाईघाईत कच्च्या प्रतीचं कोलॅजेन भरतं आणि मग महिनोन्‌महिने ते मोडून पक्कं कोलॅजेन विणत राहतं. त्यामुळे व्रण फिका आणि मऊ व्हायला वर्षभर, कधी त्याहून जास्त लागतं. पण पूर्ण भरलेल्या व्रणाची ताकद मूळ कातडीच्या अंदाजे ८० टक्क्यांपर्यंतच पोचते. पत्रातला ‘बराच काळ’ हा असा.

दुसरी गोष्ट, स्वभाव. कातडी जागा बदलते, स्वभाव बदलत नाही. केसाळ जागेची कातडी नव्या जागीही केस उगवते. नॉर्मन ऑरेंट्राइक यांनी १९५९मध्ये केसांच्या बाबतीत हेच दाखवलं. केस कुठे लावला यापेक्षा तो कुठून आणला हे निर्णायक. आजचं हेअर ट्रान्सप्लांट याच पायावर उभं आहे.

तिसरी, संवेदना. कपाळाची पट्टी जोडलेली असताना नव्या नाकाला हात लावला तर काही रुग्णांना तो स्पर्श कपाळावर जाणवतो. मेंदूच्या नकाशात ती कातडी अजून कपाळच असते. पट्टी तोडल्यावर नाक बधिर होतं. मग कडांवरून मज्जातंतू हळूहळू आत येतात, आणि नवी जागा नकाशावर उमटू लागते. ती पूर्ण पहिल्यासारखी क्वचितच होते.

चौथी, आकारमान. फ्लॅपमध्ये स्नायू असेल आणि त्याचा मज्जातंतू तुटलेला असेल, तर तो महिन्यांगणिक सुकतो. म्हणून सर्जन कधीकधी मुद्दाम जरा जास्त ऊती घालतात. पहिल्या दिवशी ‘फारच फुगलंय’ वाटणारा गाल वर्षाने बेताचा होतो. चरबीचं उलट. मांडीवरून आणलेली चरबी मांडीसारखीच वागते. माणूस जाड झाला की गालातला फ्लॅपही जाड होतो.

नाकाकडून जबड्याकडे

आता नाक सोडून खाली येऊ, कारण गेल्या ऐंशी वर्षांत महाराष्ट्रात ही विद्या सगळ्यात जास्त लागली ती तोंडासाठी.

मुंबईत टाटा मेमोरियल रुग्णालय २८ फेब्रुवारी १९४१ला उघडलं. तिथले पॅथॉलॉजिस्ट डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनी १९४४मध्ये मुंबईतल्या तोंडाच्या कर्करोगाच्या १,००० रुग्णांचा आढावा छापला. १९५३मध्ये मुंबईचेच डॉ. एस. जी. जोशी यांनी तोंडाच्या आतलं अस्तर पांढरं, ताठ होऊन तोंड उघडेनासं होणाऱ्या आजाराचं वर्णन केलं. आज त्याला सबम्युकस फायब्रोसिस म्हणतात आणि त्याचं मुख्य कारण सुपारी आहे. २००४मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने नुसती सुपारीही कर्करोग करते असं जाहीर केलं, तंबाखू नसली तरी.

तोंडाचा कर्करोग काढला की गालात, जिभेत, जबड्यात खड्डा पडतो. तो कशाने भरायचा? १९६३मध्ये स्कॉटलंडच्या इयन मॅकग्रेगर यांनी कपाळाची कातडी कानशिलाकडून वळवून तोंडाच्या आत नेण्याची पद्धत मांडली. पुण्याच्या कुंभाराचं कपाळ पुन्हा कामी आलं, या वेळी आतल्या गालासाठी. भारतातही ती वापरली गेली. पण कपाळावर मोठा, कायमचा ठिगळाचा डाग राहायचा. १९७९मध्ये स्टीफन एरियन यांनी छातीचा स्नायू वरच्या कातडीसकट मानेतून वर आणण्याची पद्धत दिली आणि कपाळ सुटलं. पुढे सूक्ष्मदर्शकाखाली रक्तवाहिन्या जोडून मनगटाजवळची, मांडीची कातडी किंवा पायाचं फिब्युला हाड आणता येऊ लागलं. फिब्युलाचा जबडा करण्याची पद्धत १९८९मध्ये डेव्हिड हिडाल्गो यांनी मांडली.

तोंडात गेलेली कातडी एका अजब जगात येते. बाहेर ती कोरडी होती, इथे चोवीस तास ओल. ती फिकट, पांढरट, सुरकुतलेली दिसते. पुरुषाच्या छातीची असेल तर तोंडात केस उगवतात. रेडिएशन मिळालं तर बऱ्याचदा ते गळून जातात. वर्षांनंतर काहींमध्ये तिचा पृष्ठभाग तोंडाच्या अस्तरासारखा मऊ होतो, सगळ्यांमध्ये नाही. हे सगळं त्या कातडीचं जुळवून घेणं आहे. पहिल्यांदा आरशात बघणाऱ्याला ते माहीत नसतं आणि तो घाबरतो.

आणि खरा वेळखाऊ बदल रेडिएशनचा. त्याने कर्करोगाच्या पेशी मरतात, पण बारीक रक्तवाहिन्याही हळूहळू बुजतात. ऊती घट्ट, लाकडासारखी होत जाते, आणि हे महिन्यांनी, वर्षांनीही वाढू शकतं. तोंड उघडणं कमी होतं, मान वळत नाही, हनुवटीखाली सूज राहते. रक्त कमी मिळणाऱ्या जबड्यातला दात पुढे कधी काढला, तर ती जखम भरत नाही, हाड उघडं पडतं. रॉबर्ट मार्क्स यांनी १९८३मध्ये याचं कारण मांडलं: रक्तवाहिन्या कमी, पेशी कमी, प्राणवायू कमी. म्हणून रेडिएशनच्या आधी दात तपासून घेतात, आणि नंतर कित्येक वर्षांनी गेलात तरी दातवाल्याला आधी सांगायचं असतं, ‘डॉक्टर, मला शेक दिलाय.’

जवळा बाजारहून किती लांब

औंढा नागनाथ तालुक्यातलं जवळा बाजार घ्या. हिंगोली जिल्हा, हळद-सोयाबीनचा मुलूख. कावजीच्या काळात हा भाग निजामाचा होता, म्हणजे त्याच युद्धातल्या तिसऱ्या भागीदाराचा. आज इथल्या माणसाला तोंडात न भरणारा फोड आला तर तो आधी गावात दाखवेल, मग हिंगोली, परभणी किंवा नांदेड. मोठ्या शस्त्रक्रियेसाठी छत्रपती संभाजीनगरचं शासकीय कर्करोग रुग्णालय, साधारण २०० किलोमीटर. नाहीतर मुंबईचं टाटा, ५०० किलोमीटरच्या पलीकडे.

शस्त्रक्रियेसाठी माणूस जातो. जमीन गहाण पडते, सरकारी योजनेचं कार्ड शोधलं जातं, भाऊ-भावजय सोबत येतात. गाल कापला, छातीची कातडी आत आली, शेक झाला, घरी आला. गाव भेटायला येतं. दोन महिन्यांनी गाव येणं थांबतं. आणि खरी गोष्ट तिथून सुरू होते, २५व्या दिवसानंतर.

तोंड रोज थोडं थोडं मिटत जातं. तोंड उघडायचे व्यायाम कागदावर लिहून दिलेले असतात, पण ते दुखतात आणि ते करून काय होतं हे कुणी नीट सांगितलेलं नसतं. कारण आता तुम्हाला माहितीय: आतल्या पेशी ऊती ओढतायत आणि रेडिएशन ती घट्ट करतंय. रोजचा ताण हाच त्या ओढीला दिलेला जवाब. दहाव्या दिवशी नाकात घातलेल्या बोळ्यांचं तत्त्व हेच होतं. साधं माप आहे. स्वतःची तीन बोटं उभी धरून तोंडात जातात का? आधी तीन जायची आणि आता दोनच जातात, तर पुढच्या तारखेची वाट बघायची नाही.

आणखी एक. कर्करोग बहुधा फ्लॅपमध्ये येत नाही, तो शेजारच्या मूळ अस्तरात पुन्हा येऊ शकतो. १९५३मध्ये स्लॉटर आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की तंबाखूने भाजलेलं अस्तर एका ठिपक्यात नाही, शेतासारखं आख्खंच बिघडलेलं असतं. एक रोप उपटलं म्हणून शेत साफ होत नाही. फ्लॅपची पांढरी सुरकुती घाबरण्यासारखी नाही. पण तिच्या कडेला नवा लाल किंवा पांढरा चट्टा, रक्त, मानेत नवी गाठ, किंवा दोन-तीन आठवडे न भरणारा फोड, हे लगेच दाखवायचं. आणि शस्त्रक्रियेनंतर पुन्हा पुडी उघडली तर सगळं पाण्यात. महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२पासून बंदी आहे, आणि पुडी कुठे मिळते हे गावातल्या शाळकरी पोरालाही ठाऊक आहे. त्या पुडीत सुपारी, चुना, तंबाखूबरोबर कातही असतो. एकेकाळी पुण्यात त्याने नाक जोडलं जायचं.

नाव कुणाचं राहिलं

‘जंटलमन्स मॅगझिन’च्या त्या पत्रामुळे क्रूसो आणि फिंडले यांची नावं राहिली. चित्रकार वेल्सचं राहिलं. कार्प्यूचं राहिलं. कावजीचंही, मोडकंतोडकं का होईना, राहिलं. ज्याच्या हातांनी ते नाक केलं त्याची फक्त जात राहिली. हातातून हातात जाणारी विद्या लिहिली गेली नाही, आणि तिचे कारागीर हळूहळू दिसेनासे झाले. ‘आम्ही शोध लावला’ म्हणून छाती फुगवणाऱ्या फॉरवर्डमध्येही त्या माणसाला नाव नाही.

पण त्याच्या कामातून आपल्याला घेण्यासारखी गोष्ट शोधाच्या अभिमानापेक्षा मोठी आहे. चार दिवस कात, मग तूप, दहाव्या दिवशी बोळे, २५व्या दिवशी पट्टी, आणि त्यानंतर आकार सुधारण्यासाठी पुन्हा थोडी कापाकापी, असं ते पत्र सांगतं. कातडीचा वेग त्याला माहीत होता आणि त्या वेगाने थांबायची त्याची तयारी होती. आपल्या दवाखान्यांकडे आज सूक्ष्मदर्शक आहे, रेडिएशनचं मशीन आहे, पायाचं हाड जबड्यात बसवायचं कसब आहे. कमी पडतं ते हे थांबणं: सहा महिन्यांनी, दोन वर्षांनी, दहा वर्षांनी त्याच माणसाला पुन्हा बघणं, आणि तेही त्याने ५०० किलोमीटर प्रवास न करता. तोंड किती उघडतं हे मोजायला मुंबई लागत नाही. तालुक्याच्या ठिकाणचा दंतवैद्य किंवा शिकवलेली परिचारिका ते करू शकते. व्यायाम चुकतोय हे आशाताईला ओट्यावर बसून कळू शकतं.

तुमच्या घरात, गल्लीत असा एखादा माणूस असेल. गालावर शिवण, बोलणं जरा अडखळतं, जेवायला चारचौघांत बसत नाही. काका म्हणत असाल, मामा म्हणत असाल. त्यांच्या तोंडातली ती छातीची कातडी अजून तिथे रुळतेय, तिला अजून वर्षं लागतील. पुढच्या वेळी भेटलात तर ‘ऑपरेशन कसं झालं’ हे विचारू नका, ते झालंय. विचारा, ‘आता तोंड किती उघडतं?’